ऑर्केस्ट्रा कंडक्टिंग शिकायचंय? वर्कशॉप आणि स्पर्धांपर्यंत कसं पोचायचं

ऑर्केस्ट्रा कंडक्ट करायला कुठे शिकायचं असं विचारणारी मंडळी हल्ली बरीच भेटतात, कुणी मुंबईत व्हायोलिन वाजवतंय, कुणी पुण्यात पियानोच्या ग्रेड्स पूर्ण केल्यात, कुणी गोव्यात चर्चच्या क्वायरमध्ये लहानपणापासून गातंय, आणि परदेशात वाढलेली आपली मुलंमुली तर शाळेच्या ऑर्केस्ट्रात बसूनच मोठी होतात. सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच असतो. डिग्रीला लगेच जाता येत नाही, मग वर्कशॉप करू का, स्पर्धेत नाव देऊ का, आणि द्यायचं तर कुठल्या. मी स्वतः ऑर्केस्ट्रात सेकंड व्हायोलिनला बसतो आणि कंडक्टिंगची वर्कशॉप्सही केलीत, त्यामुळे पोडियमच्या, म्हणजे कंडक्टर उभा राहतो त्या चौथऱ्याच्या, दोन्ही बाजूंनी काय दिसतं ते माहीत आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. व्हायोलिन घरी असतं, कीबोर्डवर तर रात्री अकराला हेडफोन लावूनही रियाज होतो. कंडक्टरला मात्र समोर माणसं लागतात, पन्नास-साठ तयार वादक, त्यांचा वेळ, हॉल, सगळ्यांचे पार्ट्स (प्रत्येक वादकाच्या ओळीचे वेगळे कागद), आणि हे सगळं महाग आहे. त्यामुळे या क्षेत्रात खरी कमाई म्हणजे खऱ्या वादकांसमोर मिळालेली मिनिटं, त्याला सगळीकडे पोडियम टाइम म्हणतात. वर्कशॉप निवडताना, पैसे भरताना, स्पर्धेचा फॉर्म उघडताना दोनच गोष्टी बघायच्या: यातून मला किती मिनिटं मिळणार, आणि त्या मिनिटांसाठी मी तयार आहे का.

झुबिन मेहतांचा रस्ता बघा. १९३६ साली मुंबईत जन्म, वडील मेहली मेहता यांनी त्याच्या आदल्या वर्षीच बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केलेला, म्हणजे मुलगा रिहर्सल बघतच वाढला. पुढे व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे शिक्षण, मधे इटलीत सिएनाच्या कीजियाना अकॅडमीत उन्हाळी कोर्स, जिथे पुढे नावाजलेले कंडक्टर झालेले क्लाउडिओ अबाडो आणि डॅनियल बॅरेनबॉईम पण होते, आणि मग १९५८ मध्ये लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली, तेव्हा वय २२. बक्षीस काय होतं तर रॉयल लिव्हरपूल फिलहार्मोनिकमध्ये वर्षभर असिस्टंट कंडक्टरची जागा. आधी बघणं, मग शिकणं, मग उन्हाळी कोर्स आणि त्यानंतर स्पर्धा. आजही हाच क्रम चालतो, आणि जे तो उलटा करतात त्यांचे पैसे आणि उमेद दोन्ही वाया जातात हे मी बघितलंय.

घरी करायची तयारी

एक वाद्य नीट यायला हवं. नीट म्हणजे ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षांच्या आठव्या ग्रेडच्या आसपास, आणि शक्य असेल तर इतरांबरोबर वाजवण्याची सवय, म्हणजे क्वार्टेट, चर्च ऑर्केस्ट्रा, काहीही. पियानो मुख्य वाद्य नसलं तरी थोडा हात बसलेला हवा कारण स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेलं पुस्तक, वाचायला दुसरं सोयीचं साधन नाही.

मग क्लेफ, म्हणजे ओळीवरचा कुठला स्वर कुठे हे ठरवणारं सुरुवातीचं चिन्ह. व्हायोला अल्टो क्लेफमध्ये लिहितात, चेलो, बासून (एक लांब फुंकवाद्य) आणि ट्रॉम्बोन वरच्या सुरांत गेले की टेनर क्लेफ येतो. हे सावकाश अडखळत वाचता येऊन भागत नाही, नजर टाकली की कळलं पाहिजे. त्यानंतर ट्रान्सपोझिशन, म्हणजे काही वाद्यांचा लिहिलेला स्वर आणि ऐकू येणारा स्वर वेगळा असणं: बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिल्यापेक्षा एक पूर्ण स्वर खाली ऐकू येतं, एफ हॉर्न पाच स्वरांच्या अंतराने खाली, म्हणजे आपल्या सा-म-प च्या हिशोबात पंचमाएवढं खाली, डबल बेस एक सप्तक खाली आणि पिकोलो एक सप्तक वर. जुन्या स्कोअरमध्ये हॉर्न आणि ट्रंपेट कधी डीमध्ये, कधी ई फ्लॅटमध्ये, कधी सीमध्ये असतात, प्रत्येक सिम्फनीत वेगळं. रोज अर्धी ओळ करा पण रोज करा.

कानाबद्दल जरा जास्त सांगतो. आपल्यापैकी ज्यांनी सुरुवातीला गाणं किंवा हार्मोनियम शिकलंय त्यांचा कान सुरावळीला आणि लयीला पक्का असतो, एक सूर किंचित उतरला तरी लगेच कळतं, ही फार मोठी जमेची बाजू आहे. कमी पडतं ते एकाच वेळी चार ओळी ऐकणं. त्यासाठी बाखचे चार आवाजांचे कोराल (चर्चमधली छोटी भजनं) घ्या, तीन आवाज पियानोवर वाजवायचे आणि चौथा स्वतः गायचा, मग आवाज बदलायचा, आणि बेसची ओळ सोडायची नाही कारण सगळ्यात जास्त टाळाटाळ तिथेच होते. सुरुवातीला एका कोरालला आठवडा लागेल, लागू दे. ऑर्केस्ट्रासमोर उभं राहिल्यावर दुसऱ्या बासूनने चुकीचा स्वर वाजवला हे कळणं या सवयीतूनच येतं. फ्रान्समधल्या बेझाँसाँच्या कंडक्टिंग स्पर्धेत तर पार्ट्समध्ये मुद्दाम चुका घालून ठेवायचे आणि उमेदवाराने त्या ऐकून शोधायच्या असा राउंडसुद्धा होऊन गेलाय.

स्कोअर घेऊन बसणं

जुन्या, कॉपीराइट संपलेल्या कृतींचे स्कोअर आयएमएसएलपी या वेबसाइटवर फुकट मिळतात. शिकायला ते पुरे आहेत, पण वर्कशॉपला जाताना तिथे कुठली एडिशन वापरणार आहेत ते विचारून तीच विकत घ्या, नाहीतर तुम्ही म्हणाल लेटर बी (रिहर्सलमध्ये जागा सांगायला छापलेली अक्षरखूण) आणि वादकांच्या कागदावर ते भलत्याच ठिकाणी असेल किंवा नसेलच, आणि दहा मिनिटांच्या स्लॉटमधली दोन मिनिटं त्या गोंधळात जातील. बेथोवनच्या सिम्फनींसाठी बेरेनरायटर या प्रकाशकाची जोनाथन डेल मार यांनी संपादित केलेली एडिशन आज खूप ठिकाणी वापरतात.

स्कोअर कसा वाचायचा हे एका उदाहरणाने सांगतो. बेथोवनची पाचवी सिम्फनी सगळ्यांनी ऐकलेली असते आणि वर्कशॉपमध्ये ती सारखी येते. पहिल्या पानावर काय आहे? टू-फोर (एका बारमध्ये, म्हणजे एका आवर्तनाच्या तुकड्यात, दोन पाव नोटा), अलेग्रो कॉन ब्रिओ (जलद, जोशात), मेट्रोनोमचा आकडा अर्ध्या नोटेला १०८, म्हणजे एका बारला एकच ठोका, आणि तो चांगलाच जलद. वाजवणारे कोण, तर सगळे स्ट्रिंग्ज आणि फक्त क्लॅरिनेट. बाकीचे गप्प बसलेत. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, त्यांना वाटतं सुरुवातीला सगळा ऑर्केस्ट्रा तुटून पडतो. क्लॅरिनेट बी फ्लॅट आहे, त्यामुळे सगळ्यांचा जी वाजतो तेव्हा क्लॅरिनेटच्या कागदावर ए लिहिलेला असतो, तो वादक विचारेल तेव्हा तुम्हाला हे माहीत पाहिजे. पहिला बार चक्क विश्रांतीने सुरू होतो, आधी आठवांशाची रेस्ट आणि मग तीन स्वर, मग दुसऱ्या बारात लांब स्वर आणि त्यावर फर्माटा, म्हणजे स्वर हवा तेवढा धरून ठेवायची खूण. पुढे तेच परत, पण या वेळी लांब स्वर दोन बार बांधलेला आहे आणि फर्माटा त्यातल्या दुसऱ्या बारावर, म्हणजे दुसरा ठहराव पहिल्यापेक्षा एका बारने लांब लिहिलाय. का? पहिला फर्माटा किती धरायचा, तो कापायचा कसा, कापण्याच्या हालचालीतूनच पुढच्या तीन स्वरांची तयारी द्यायची की मधे श्वास घ्यायचा? या पाच बारांची उत्तरं तुमच्याकडे तयार नसतील तर पोडियमवर ती सुचणार नाहीत, तिथे साठ लोक बघत असतात.

असं पूर्ण कृतीचं करायचं. आधी आख्खा आराखडा, कुठे काय संपतं, मग वाक्यं किती किती बारांची आहेत ते पेन्सिलने मोजून मार्क करा, चार अधिक चार, मग मधेच पाच कुठे आले. मग प्रत्येक वाद्याची ओळ स्वतः गाऊन बघा. रेकॉर्डिंग सगळ्यात शेवटी ऐका, आणि ऐकायचं तर तीन-चार वेगवेगळ्या काळातली. एक गोष्ट मात्र करू नका, रेकॉर्डिंग लावून त्याच्याबरोबर हात हलवण्याची प्रॅक्टिस. त्यात तुम्ही आवाजाच्या मागे जायला शिकता आणि प्रत्यक्षात तुम्हाला आवाजाच्या आधी असायचं असतं. ही सवय लागली की सुटायला फार वेळ जातो. त्यापेक्षा शांततेत, मनात संगीत ऐकत करा.

हात

टू, थ्री, फोर, सिक्सचे, म्हणजे बारमधले तितके ठोके हाताने दाखवायचे, पॅटर्न कुठल्याही पुस्तकात मिळतील, एका आठवड्यात पाठ होतील, त्यावर जास्त बोलत नाही. अवघड गोष्ट आहे ती पहिल्या ठोक्याच्या आधीची हालचाल, प्रेप बीट. गायकाने मुखडा उचलला की त्याच्या श्वासावरून तबलजीला सम कुठे आणि किती जोरात येणार ते कळतं ना, तसं त्या एका हालचालीत वादकांना वेग, आवाजाची ताकद आणि सुरुवात कशी आहे, टोकदार की मऊ, हे सगळं कळायला हवं. म्हणून वेग आधी मनात सुरू झालेला पाहिजे, आणि हाताबरोबर तुम्ही स्वतः श्वास घेतला पाहिजे. फुंकवाद्यवाले तुमच्या श्वासाबरोबर श्वास घेतात, तुम्ही श्वास रोखून उभे राहिलात तर तेही अडखळतात.

आरशापेक्षा मोबाईलचा कॅमेरा बरा. फिनलंडच्या योर्मा पानुला यांनी १९७३ ते १९९३ सिबेलिअस अकॅडमीत शिकवलं, एसा-पेक्का सालोनेन, साकारी ओरामो, युक्का-पेक्का सारास्ते हे सगळे त्यांचेच विद्यार्थी, आणि त्यांच्या शिकवण्याचा कणा हाच होता, विद्यार्थ्यांना खऱ्या वादकांसमोर उभं करायचं, व्हिडिओ काढायचा आणि नंतर तो बघायचा. सर फार बोलत नाहीत, व्हिडिओच बोलतो. तुम्ही पण आवाज बंद करून स्वतःचा व्हिडिओ बघा, आवाज नसताना वेग आणि भाव कळतोय का? गुडघे वाकतायत का, डावा हात उजव्याची नक्कल करतोय का, डोळे स्कोअरमध्ये गाडलेत का? अशी पहिली यादी बहुतेकांची सारखीच निघते.

आपल्या आसपास माणसं कुठे मिळतील

परदेशी वर्कशॉपचा खर्च करण्याआधी इथे जमेल तेवढा पोडियम टाइम घ्या. सगळ्यात जवळचा मार्ग क्वायर. मुंबईत क्वायरची मोठी परंपरा आहे, व्हिक्टर परांजोती यांनी १९५६ मध्ये परांजोती अकॅडमी कोरस सुरू केला आणि त्यांच्यानंतर कूमी वाडियांनी तो कित्येक दशकं सांभाळला. क्वायरमध्ये गायलात की इंटोनेशन (सुराचा अचूकपणा), श्वास आणि वाक्य या गोष्टी अंगात मुरतात, आणि एखाद्या दिवशी रिहर्सल घ्यायची संधीही मिळते. गोव्यात पॅरिश स्कूलमध्ये (चर्चच्या शाळेत) सोल्फेज, म्हणजे स्वरनावांनी गाऊन नोटेशन वाचणं, आणि व्हायोलिन शिकवायची जी जुनी पद्धत होती तिच्यातूनच नोटेशन वाचणारे कित्येक वादक मुंबईच्या फिल्म स्टुडिओंना मिळाले, अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर त्याच मातीतले. आजही पणजीच्या कला अकॅडमीत वेस्टर्न म्युझिक शिकवतात. तिथल्या आणि गावोगावच्या वादकांना गोळा करून छोटा ग्रुप उभा करणं पुण्या-मुंबईपेक्षा गोव्यात सोपं जातं असं माझं मत आहे.

ग्रुप छोटाच असू दे. वाग्नरचं सिगफ्रिड इडिल मुळात १३ वादकांसाठी आहे, स्त्राविन्स्कीचं सोल्जर्स टेल फक्त सात जणांचं, पण त्यात टाइम सिग्नेचर इतक्या वेळा बदलते की हाताचा चांगलाच कस लागतो. नुसते स्ट्रिंग्ज असतील तर मोझार्टचं आइने क्लाइने नाखत्म्युझिक किंवा एल्गारचं सेरेनेड घ्या. मित्रांना बोलवा, रिहर्सलनंतर जेवायला घाला, पार्ट्स स्वतः छापून, गज कुठे वर कुठे खाली (बोइंग, bowing) ते लिहून तयार ठेवा, आणि दोन तास नीट वापरा.

आणि रिहर्सल बघा. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, सीझनमध्ये बाहेरचे कंडक्टर येतात. ईमेल करून नम्रपणे विचारा, रिहर्सलला मागे बसू का, नाही म्हणाले तर कॉन्सर्टला अशी बाजूची सीट घ्या जिथून कंडक्टरचा चेहरा दिसेल. स्कोअर बरोबर न्या. पंढरपूरला जन्मलेल्या आणि डेन्मार्कमध्ये वाढलेल्या मारिया बाडस्टू आज व्यावसायिक कंडक्टर आहेत, अशा लोकांचे कार्यक्रम मुंबईत असतील तर अजिबात चुकवू नका.

वर्कशॉप कुठलं घ्यायचं

ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिला, फी भरून जायची वर्कशॉप्स, साधारण चार ते दहा दिवसांची, युरोपात भरपूर, खास करून पूर्व युरोपात जिथे ऑर्केस्ट्रा भाड्याने घेणं तुलनेने स्वस्त पडतं. यात निवड त्यामानाने सोपी असते आणि नवख्यांना घेतात. दुसरा, मोठ्या फेस्टिव्हलच्या अकॅडमी: अमेरिकेत टँगलवुड आणि ॲस्पेन, स्वित्झर्लंडमध्ये ग्श्टाड, एस्टोनियात पार्नूला यार्वी या कंडक्टरांच्या कुटुंबाची अकॅडमी, कॅलिफोर्नियातलं काब्रियो जिथे सगळा भर आजच्या काळातल्या संगीतावर असतो. इथे निवड कडक, काही ठिकाणी शिष्यवृत्ती, आणि तिथे जाणारे बरेच जण आधीच कुठेतरी असिस्टंट असतात. तिसरा प्रकार मला सगळ्यात आवडतो, जिथे सहभागी स्वतःच ऑर्केस्ट्रात बसतात. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या हॅनकॉक गावात कंडक्टर पिअर मोंतो यांनी १९४३ साली सुरू केलेली शाळा अशीच आहे, आपली पाळी नसेल तेव्हा आपण वाजवायचं. नेव्हिल मॅरिनर, आंद्रे प्रेविन, डेव्हिड झिनमन असे मोठे कंडक्टर तिथून शिकून गेलेत. तिथे दुसऱ्याच्या हाताखाली वाजवताना कळतं की कुठली हालचाल वाचता येते आणि कुठली नुसतीच सुंदर दिसते, म्हणून तुम्ही वादक म्हणून पक्के असाल तर या प्रकाराचा आधी विचार करा.

पहिल्यांदा जाताय तर ऑडिटर म्हणून, म्हणजे स्वतः कंडक्ट न करता बघायला, जा असं मी सगळ्यांना सांगतो. फी बरीच कमी असते, सगळे सेशन बघायला मिळतात, इतरांच्या व्हिडिओवर शिक्षक काय बोलतात ते ऐकायला मिळतं, आणि काही ठिकाणी शेवटी ऑडिटरनाही पाच मिनिटं उभं करतात. पुढच्या वर्षी ॲक्टिव्ह म्हणून, म्हणजे स्वतः कंडक्ट करायला, गेलात की तुम्हाला सगळी पद्धत माहीत असते.

पैसे भरायच्या आधी ईमेलवर स्पष्ट विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. ॲक्टिव्ह सहभागी किती, आणि प्रत्येकाला एकूण किती मिनिटं? त्यातली ऑर्केस्ट्राबरोबर किती आणि दोन पियानोंबरोबर किती? ऑर्केस्ट्रा पूर्ण आहे की स्ट्रिंग क्विंटेट आणि चार फुंकवाद्यं? वादक व्यावसायिक की विद्यार्थी? शेवटच्या कॉन्सर्टमध्ये सगळ्यांना संधी की निवडक? व्हिडिओ मिळणार का, कुठल्या बाजूने काढलेला? राहण्याची सोय फीमध्ये आहे का? एका वर्कशॉपला मी गेलो तिथे जाहिरातीत फुल ऑर्केस्ट्रा लिहिलेलं होतं आणि प्रत्यक्षात ब्रास सेक्शन आलाच नाही, हॉर्नच्या ओळी पियानोवर वाजल्या, आणि कुणाकडेच लेखी काही नसल्याने कुणाला काही बोलता आलं नाही. म्हणून सांगतोय, लेखी घ्या.

मग सरळ हिशोब करा. फी, विमान, राहणं, व्हिसा सगळं मिळवा आणि मिनिटांनी भागा. समजा एकूण दोन लाख रुपये होतायत आणि ऑर्केस्ट्राबरोबर चाळीस मिनिटं मिळणार, तर मिनिटाला पाच हजार पडले. दुसरीकडे फी जास्त आहे पण दीड तास मिळतोय, तर तेच स्वस्त. शिक्षकाचं नाव मोठं असणं चांगलंच, पण बारा मिनिटांसाठी मोठं नाव घ्यायला जाऊ नका, त्यांना ऑडिटर म्हणून बघा.

व्हिडिओ

जवळपास सगळीकडे पहिली चाळणी व्हिडिओवर होते. कॅमेरा ऑर्केस्ट्राच्या मागून, तुमच्या चेहऱ्याकडे तोंड करून, कमरेपासून वर दोन्ही हात पूर्ण दिसतील असा. प्रेक्षकातून पाठ दिसणारा कॉन्सर्टचा व्हिडिओ कितीही छान वाटला तरी उपयोगाचा नाही. मधे कट नको, आवाज नंतर जोडलेला नको. दोन वेगळ्या स्वभावाच्या कृती द्या, एक क्लासिकल काळातली जलद आणि एक संथ किंवा लय बदलणारी. रिहर्सलचा भाग मागितला असेल तर तो टाळू नका, उलट अनुभवी परीक्षक तोच आधी बघतात, कारण त्यात तुम्ही थांबता कधी, सांगता काय आणि परत वाजवल्यावर फरक पडला का हे दिसतं. सगळ्यात चांगली दोन मिनिटं अगदी सुरुवातीला ठेवा, परीक्षकांकडे शेकडो व्हिडिओ असू शकतात. छोट्या ग्रुपबरोबरचा असला तरी चालेल, तेरा लोकांना नीट वाजवायला लावणारा व्हिडिओ सत्तर जणांच्या मागे धावणाऱ्या व्हिडिओपेक्षा कधीही बरा.

प्रत्यक्ष वर्कशॉपमध्ये

नाव पुकारलं की पोडियमवर जा, कॉन्सर्टमास्टरकडे (पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुख वादकाकडे) बघून मान लववा, कुठून सुरू करतोय ते एका वाक्यात सांगा आणि सुरू करा. भाषण नको, स्वतःची ओळख नको. मी वादक म्हणून सांगतो, आम्हाला पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं की समोरच्याला स्कोअर येतो की नाही, आणि येत असेल तर आम्ही मनापासून मदत करतो, वय आणि अनुभव कितीही कमी असू दे.

थांबायचं तर कारण ठरवून थांबा. आधी जागा सांगा, मग कोण, मग काय: लेटर सी, तिसरा बार, सेकंड व्हायोलिन आणि व्हायोला, जरा हळू, ओबो ऐकू यायला हवा. एवढंच. जागा नेहमी आधी, म्हणजे सगळे पान उलटेपर्यंत सूचना हवेत विरून जात नाही. जे हाताने दाखवता येतं ते तोंडाने सांगू नका, आणि वादकाची चूक एकदाच झाली असेल तर थांबूच नका, त्याला कळलेली असते, नुसतं बघितलं तरी पुरे. शिक्षक मधेच थांबवून हात धरून वेगळं करायला सांगतील, तेव्हा लगेच करून बघा, स्पष्टीकरण देत बसू नका, तुमच्याच मिनिटांतून ते जातं. सेशन संपलं की चहाच्या वेळी वादकांना विचारा, कुठली जागा कळली नाही? ते अतिशय खरं सांगतात. कपडे साधे गडद, मनगट मोकळं, बॅटन (कंडक्टरची काठी) दोन न्या आणि विमानात चेक-इन बॅगेत नळीत घालून ठेवा.

आता स्पर्धा

दोन-तीन वर्कशॉप्स झाली, ऑर्केस्ट्रासमोर हात थरथरत नाही, पाच-सहा मोठ्या कृती खऱ्या अर्थाने येतात, मग स्पर्धांकडे वळा. वयाची अट बहुतेक ठिकाणी ३५च्या आसपास असते, त्यामुळे घाई नको पण फार रेंगाळूही नका, कारण बऱ्याच स्पर्धा दोन-तीन वर्षांतून एकदाच येतात.

फ्रान्समधली बेझाँसाँची स्पर्धा १९५१ पासूनची. १९५९ साली सेइजी ओझावा तिथे जिंकले तेव्हा २४ वर्षांचे होते, जपानहून मालवाहू जहाजाने स्कूटर घेऊन युरोपात आलेले, अर्जाची मुदत उलटून गेलेली, तरी खटपट करून शिरले. परीक्षकांत असलेल्या शार्ल म्युन्श यांच्यामुळे पुढच्या वर्षी टँगलवुड, आणि तिथून कारायान आणि बर्नस्टाइन या दिग्गज कंडक्टरांपर्यंत. कोपनहेगनची माल्को स्पर्धा १९६५ पासून, डॅनिश नॅशनल सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर, दर तीन वर्षांनी. २०१२ मध्ये व्हेनेझुएलाचे राफाएल पायारे तिथे जिंकले. जर्मनीत बांबर्गची गुस्ताव माहलर स्पर्धा २००४ मध्ये सुरू झाली आणि पहिलाच विजेता गुस्तावो दुदामेल, तेव्हा २३ वर्षांचा. लंडनची डोनाटेला फ्लिक स्पर्धा १९९० पासून आहे, विजेत्याला लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रात असिस्टंट कंडक्टरची संधी मिळते. २०१४ मध्ये एलिम चान जिंकल्या, तिथल्या त्या पहिल्या महिला विजेत्या. टोकियोची स्पर्धा १९६७ पासून. आणि पॅरिसची ला मेस्त्रा, क्लेअर जिबो यांच्या पुढाकाराने २०२० मध्ये सुरू झालेली, फक्त महिलांसाठी, पहिल्या वर्षी इंडोनेशियाच्या रेबेका टाँग जिंकल्या. आपल्याकडच्या मुलींना मी ला मेस्त्रा आवर्जून सुचवतो, कारण तिथे पोचण्यासाठीची मेहनत पुढे सगळीकडे उपयोगी पडते.

फॉर्म भरण्याआधी बक्षिसाची रक्कम बाजूला ठेवा आणि पुढे काय मिळतं ते वाचा. असिस्टंटची जागा, वेगवेगळ्या ऑर्केस्ट्रांबरोबर कॉन्सर्ट, मार्गदर्शन, याने माणूस घडतो. आणि पहिल्या राउंडला खरा ऑर्केस्ट्रा आहे की पियानो, किती मिनिटं, ते पण बघा, कारण पहिल्याच राउंडमध्ये बाहेर पडण्याची शक्यता सगळ्यांनाच सगळ्यात जास्त असते.

राउंड साधारण असे: पहिल्यात पंधरा-वीस मिनिटं, हायडन किंवा मोझार्टसारखं काहीतरी, नुसतं वाजवून घेऊ नका, वेळेत एखादी गोष्ट सुधारून दाखवा. दुसऱ्यात साथ येते, कॉन्चेर्टो (एका मुख्य वादकासह ऑर्केस्ट्रा) किंवा गायकांबरोबर ऑपेराचा भाग, आणि आपल्याकडचे उमेदवार इथेच कमी पडू शकतात कारण रेसिटेटिव्हचा, म्हणजे ऑपेरातल्या बोलल्यासारख्या गायल्या जाणाऱ्या भागाचा, अनुभव नसतो; त्यासाठी इटालियन आणि जर्मन शब्द अर्थासकट पाठ करा आणि एखाद्या गायकाला घेऊन प्रॅक्टिस करा. पुढे विसावं शतक, बऱ्याचदा त्या स्पर्धेसाठीच लिहून घेतलेली नवी कृती, जिचं रेकॉर्डिंगच नसतं, म्हणजे घरची स्कोअर वाचायची सवय तिथे उघडी पडते. फायनल बहुतेक वेळा पब्लिकसमोर. कुठली कृती कुठल्या राउंडला येईल हे चिठ्ठी टाकून ठरवणं सर्रास चालतं, म्हणून यादीतल्या आवडत्या दोनच तयार केल्या असं चालत नाही.

बऱ्याच स्पर्धांचे राउंड ऑनलाइन दाखवतात. फायनल सगळेच बघतात, तुम्ही पहिला राउंड बघा, स्कोअर समोर ठेवून, एकच कृती पाच जण पाठोपाठ करतात तेव्हा ऑर्केस्ट्राचा आवाज कसा बदलतो ते लिहून काढा.

व्हिसाचं थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाहीत आणि वर्कशॉप नेमकी उन्हाळ्यातच असतात, त्यामुळे निवडीचं पत्र आलं त्याच आठवड्यात लागा. आयोजकांकडून सही-शिक्क्याचं निमंत्रणपत्र मागून घ्या, त्यात तारखा, राहण्याची जागा आणि खर्च कोण करतंय हे स्पष्ट असू दे.

आणि बाद झालात तर लगेच तिकीट बदलून घरी परत येऊ नका. परीक्षक बऱ्याच ठिकाणी बाद झालेल्यांना भेटतात, वही घेऊन जा, एकच प्रश्न विचारा, पुढच्या सहा महिन्यांत मी कशावर काम करू, आणि वाद न घालता लिहून घ्या. मग पुढच्या राउंडच्या सगळ्या रिहर्सल मागे बसून बघा, तिकडचा ऑर्केस्ट्रा, तिकडचा हॉल, प्रवासाचे पैसे तर भरलेलेच आहेत. इतर उमेदवारांशी ओळख ठेवा, पुढच्या वर्षी कुणीतरी आपल्या गावात वर्कशॉप भरवतं आणि त्याला एक असिस्टंट हवा असतो.